कुलूप फोडू नका, किल्ली करून घ्या



एका अकरा तारखेची गोष्ट सांगतो. आमच्या गावच्या दूध संस्थेची बिले दहा-दहा दिवसांची असतात. एक ते दहा तारखेपर्यंत घातलेल्या दुधाचे बिल अकराला निघते, त्याची यादी दुपारी बँकेत जाते आणि दुसऱ्या दिवशी पैसे खात्यावर पडतात. त्यामुळे अकराला सकाळचे दूध घालून झाले तरी माणसे लगेच घरी जात नाहीत. कॅन धुऊन ओट्यावर टेकतात. हातात चिठ्ठी पडली, लिटर आणि फॅट पाहून झाले, की मगच पाय घराकडे वळतात.

त्या दिवशी चिठ्ठी निघालीच नाही.

आमच्या संस्थेत दोन संगणक आहेत. एक पुढे, दूध घेतात तिथे. वजनकाटा आणि फॅटचे यंत्र त्याला जोडलेले आहे. कोणी किती दूध घातले याची नोंद त्यातच साठते. दुसरा मागच्या खोलीत, सेक्रेटरींच्या टेबलावर. त्याला प्रिंटर जोडलेला आहे. सेक्रेटरी मागच्या संगणकावरून पुढच्या संगणकातली नोंदवही उघडतात आणि बिले काढतात. दोघांच्या मध्ये एक राउटर आणि दोन वायरी. तीन वर्षे हे बिनबोभाट चालले होते.

आदल्या रात्री मागच्या संगणकाने स्वतःचे अपडेट घेतले. सकाळी तो नीट सुरू झाला. इंटरनेट चालू, प्रिंटर चालू. पण नोंदवही उघडायला गेले, की पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येत आणि दार बंद.

मग जे व्हायचे ते झाले. एकाने वायरी उपसून पुन्हा खोचल्या. दुसरा म्हणाला राउटर गेला, नवा आणा. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर तो न बघताच म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल.” ओट्यावरची कुजबूज वाढली. वरच्या वस्तीवरच्या मावशी आत येऊन मला म्हणाल्या, “गुरुजी, आज यादी गेली न्हाई तर उद्या पैसं पडायचं न्हाईत. पोरीच्या फीची उद्या शेवटची तारीख हाय.”

मला काय बोलावे सुचेना. कारण तीन वर्षांपूर्वी हे दोन संगणक जोडले, तेव्हा ‘पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, सगळ्यांना मोकळे ठेवा’ असे सांगणारा शहाणा मीच होतो.

आधी धान्य घरात, मग छपराची दुरुस्ती

माझी पुतणी तालुक्याला तंत्रनिकेतनात शिकते. सुट्टीला आली होती, तिला बोलावले. तिने वायरीला हात लावला नाही की राउटरला. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : “काका, नोंदवहीची नक्कल काढलीय का कुणी?”

कुणीच काढली नव्हती.

“मग आधी ती काढू. बिघाड कुठं पळून जात नाही. दहा दिवसांचं दूध मात्र पुसलं गेलं तर परत मिळायचं नाही.”

तिने पुढच्या संगणकातली नोंदवही पेन ड्राइव्हवर उतरवली, ती मागच्या संगणकावर आणून ठेवली आणि बिलाच्या प्रोग्रॅमला ही नवी जागा दाखवली. अर्ध्या तासात प्रिंटर कुरकुरू लागला. बाराच्या आत यादी बँकेत गेली. मावशी चिठ्ठी घेऊन वस्तीकडे निघाल्या तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

या लेखातून दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी चालेल, पण एवढे ठेवा. अपडेटनंतर दोन संगणकांचे बोलणे तुटले, म्हणजे आतली माहिती गेली असे नव्हे. माहिती बहुतेक वेळा आपल्या जागी सुखरूप असते, फक्त तिच्याकडे जायची वाट अडलेली असते. ती जाते आपण घाबरून केलेल्या दुरुस्तीत. दुरुस्तीवाल्याचे ऐकून पुढचा संगणक फॉरमॅट केला असता, तर दहा दिवसांच्या नोंदी आम्ही आमच्या हाताने धुऊन टाकल्या असत्या. म्हणून नक्कल पहिली. दुसरे, त्या दिवसाचे काम कसेही करून पार पाडणे. आणि दुरुस्ती तिसरी, तीही सावकाश.

गावातली वाट आणि तालुक्याचा रस्ता

आता बिघाड शोधायचा कसा ते पाहू. ज्यांच्या घरी एकच मोबाईल आहे त्यांना हे दूरचे वाटेल. पण आज गावोगावी दूध संस्था, विकास सोसायटी, कृषी सेवा केंद्र, शाळा अशा ठिकाणी दोन-चार संगणक एकमेकांना जोडलेले असतात. घरातही मुलाचा लॅपटॉप, प्रिंटर आणि गोठ्यातल्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर असे एकाच राउटरवर असतात. या घरगुती जोडणीला लोकल नेटवर्क म्हणतात.

इंटरनेट म्हणजे तालुक्याला जाणारा रस्ता. लोकल नेटवर्क म्हणजे गावातली या घरातून त्या घरात जायची वाट. दोन्ही वाटा राउटर नावाच्या चावडीवरून जातात, पण त्या एक नव्हेत. म्हणून ‘इंटरनेट चालू आहे, मग शेजारचा संगणक का दिसत नाही?’ हा प्रश्न फसवा आहे. तालुक्याची एस. टी. चालू असली म्हणून शेजाऱ्याचे दार उघडे असते असे नाही.

आता क्रमाने जाऊ. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदलले ते वहीत लिहावे. चार जणांनी चार कळा दाबल्या, की कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एक सूचना आणखी. खाली जे शब्द आणि आकडे टाईप करायला सांगितले आहेत, ते यंत्रावर इंग्रजीतच टाईप करावेत.

पहिली पायरी : निरोप लिहून घ्या. पडद्यावर जी इंग्रजी ओळ येते ती बंद करू नका. तिचा फोटो काढा. ‘चालत नाही’ एवढ्यावर वैद्यालाही औषध देता येत नाही. ताप आहे की खोकला, हे त्या ओळीत असते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून आर दाबा. लहानशी चौकट येईल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरे टाईप करून एंटर दाबले, की संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते दिसते. तेही लिहून ठेवा.

दुसरी पायरी : सगळे एकदा रिस्टार्ट करा. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. त्यानंतर दोन्ही संगणक रिस्टार्ट करा. इथे एक बारकावा आहे. ‘शट डाउन’ केले, की पुष्कळ संगणक पूर्ण बंद होत नाहीत. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून अर्धी झोप घेतात. ‘रिस्टार्ट’ केले की मात्र पूर्ण नव्याने उठतात. म्हणून रिस्टार्टच निवडावे.

तिसरी पायरी : दोघे एकाच चावडीवर आहेत का पाहा. एक संगणक राउटरवर आणि दुसरा कुणाच्या तरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर ते एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. इंटरनेट मात्र दोन्हीकडे चालेल, म्हणून हे लवकर ध्यानात येत नाही. काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय असते. त्यावरूनही घरातली यंत्रे दिसत नाहीत.

हे तपासायचे तर तीच चौकट उघडून सी, एम, डी टाईप करावे. काळी खिडकी उघडेल. तीत आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरे सलग टाईप करून एंटर दाबावे. ‘आयपीव्ही४’ या ओळीपुढे संगणकाचा घरक्रमांक दिसतो. बहुतेक घरी तो १९२.१६८ ने सुरू होतो. साध्या घरगुती जोडणीत दोन्ही संगणकांचे पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा असावा. पुढच्या संगणकाचा १९२.१६८.१.१०, तर मागच्याचा १९२.१६८.१.१२, असे. हा क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून क्रमांकच मिळालेला नाही. मग वायर, तिचे टोक किंवा राउटर पाहायचा. पुढे जाण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी : खासगी की सार्वजनिक? विंडोज प्रत्येक जोडणीला विचारते, की हे घर आहे की बाजार? घर असेल तर ‘प्रायव्हेट’, बाजार असेल तर ‘पब्लिक’. बाजारात आपण जसा खिसा सांभाळतो, तसा ‘पब्लिक’ जोडणीवर संगणक स्वतःला इतरांपासून लपवतो. मोठ्या अपडेटनंतर किंवा राउटर बदलल्यावर कधी कधी ही नोंद ‘पब्लिक’ होऊन बसते. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून, वायरची जोडणी असेल तर ‘इथरनेट’ आणि हवेतली असेल तर ‘वाय-फाय’ निवडून ही नोंद पाहावी. घरातल्या किंवा संस्थेतल्या राउटरसाठी ती ‘प्रायव्हेट’ करावी. त्याच भागात ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ आहे. तिथे खासगी जोडणीसाठी ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू असावे. एस. टी. स्टँडवरच्या किंवा लॉजच्या वाय-फायवर मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

पाचवी पायरी : नाव सोडा, क्रमांकाने हाक मारा. पुष्कळदा दुसरा संगणक जिवंत असतो, वाट मोकळी असते, फक्त नाव ओळखू येत नाही. विंडोजची कळ आणि आर दाबून आलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना जोडून पुढच्या संगणकाचा घरक्रमांक टाईप करावा. दार उघडले, तर बिघाड फक्त नावाचा आहे. काम चालू ठेवता येते. अशा वेळी पुढच्या संगणकाचा क्रमांक राउटरमध्ये कायमचा नेमून घ्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलत नाही. गावी वीज किती वेळा जाते हे मी तुम्हांला सांगायला नको.

प्रिंटरचा बिघाड असेल, तर आधी ज्या संगणकाला तो जोडला आहे तिथूनच एक कागद छापून पाहावा. तिथे छापला तर प्रिंटर ठीक, वाट बिघडली. तिथेच छापला नाही तर नेटवर्कमागे धावू नये.

आमचा बिघाड इथे नव्हताच

या पाचही पायऱ्या आम्ही चढलो. क्रमांक बरोबर, नोंद ‘प्रायव्हेट’, सगळे जिथल्या तिथे. तरी दार उघडेना. मग पुतणीने पडद्यावरच्या त्या दोन इंग्रजी ओळी मला मराठीत समजावल्या. त्यांचा अर्थ असा, की ‘ओळख न सांगता, पाहुणा म्हणून आत शिरणे आता बंद केले आहे.’

“काका,” ती म्हणाली, “बिघडलं काही नाही. कुलूप बसलंय. इतकी वर्षं दार उघडंच होतं.”

वाचकहो, खरे तेच होते. मी ‘सगळ्यांना मोकळे’ ठेवले, म्हणजे पुढच्या संगणकाचे दार पासवर्डाशिवाय उघडे होते. मागचा संगणक पाहुणा म्हणून बिनदिक्कत आत जाई. विंडोज ११ ची २०२४ साली आलेली आवृत्ती, जिला २४एच२ म्हणतात, तिने दोन नियम कडक केले. विंडोज ११ प्रो असलेला संगणक यापुढे दुसऱ्या संगणकात पाहुणा म्हणून जाणार नाही, हा एक. दोन संगणकांमध्ये जे कागद जातील त्यांवर प्रत्येक वेळी डिजिटल सही हवी, हा दुसरा. वाटेत कुणी कागद बदलला तर सही जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. जुन्या राउटरला जोडलेली हार्ड डिस्क किंवा जुनी साठवणीची पेटी या सह्या करू शकत नाही, म्हणून तीही अपडेटनंतर दिसेनाशी होते. अशा पेटीला कंपनीचे नवे अपडेट असेल तर ते घालावे. नसेल तर तिचे दिवस भरले असे समजून माहिती वेळीच दुसरीकडे हलवावी.

हे नियम उगाच केलेले नाहीत. संगणकांनी एकमेकांच्या फायली वाचायची पद्धत १९८० च्या दशकात बसवली गेली. तेव्हा एका खोलीतले संगणक तेवढेच एकमेकांना ओळखत, बाहेरचा चोर आत येण्याचा प्रश्न नव्हता. त्या पद्धतीचा पहिला, जुना प्रकार एसएमबी१ या नावाने पुढे बरीच वर्षे चालत राहिला. त्यातल्या एका फटीतून १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. तो फायलींना कुलूप लावी आणि उघडायचे पैसे मागे. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांमध्ये ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ही फट बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, आले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले.

त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा दुसरा विषाणू आला. त्यानेही तीच फट वापरली. त्याची झळ थेट आपल्या महाराष्ट्राला लागली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची कामे अडली. आपली द्राक्षे आणि कांदा परदेशी जातो तो बराचसा याच बंदरातून. म्हणजे कुठल्या तरी कार्यालयातले दार उघडे राहते आणि त्याचा फटका दूरच्या माणसाच्या मालाला बसू शकतो.

आमच्या संस्थेत तर अडीचशे घरांचा दुधाचा हिशेब एका बिनकुलपाच्या खोलीत ठेवला होता. तीन वर्षे काही झाले नाही ते दैव म्हणायचे. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

किल्ली कशी करायची

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. सोपी वाट म्हणजे नवे नियम बंद करून दार पुन्हा सताड उघडणे. ते दोन मिनिटांचे काम आहे आणि पुष्कळ दुरुस्तीवाले तेच करून जातात. फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, जुने एसएमबी१ चालू. यंत्र लगेच चालते, आपण खूश होतो आणि पैसे देतो. पण कुलूप उघडत नाही म्हणून दरवाजाच काढून ठेवणाऱ्या सुताराला आपण शाबासकी देऊ का?

दुसरी वाट किल्ली करून घेण्याची. आम्ही ती धरली. तासाभराचे काम झाले. ते असे.

ज्या संगणकात नोंदवही आहे, म्हणजे आमचा पुढचा, त्यावर सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘अदर युजर्स’ इथे एक नवे खाते उघडले. त्याला नाव दिले आणि चांगला लांब पासवर्ड दिला. हे खाते फक्त मागच्या संगणकाने वापरायचे. पासवर्ड रिकामा ठेवून चालत नाही. रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

मग नोंदवहीच्या फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘शेअरिंग’ उघडले. ‘एव्हरीवन’, म्हणजे ‘आवो जावो घर तुम्हारा’, ही नोंद काढली आणि नव्या खात्याचे नाव घातले. त्याला वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क दिला. नुसते वाचायचे असेल तिथे नुसता वाचण्याचाच द्यावा. शेवटी शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू केले.

आता मागच्या संगणकावरून पुढच्याला हाक मारली. त्याने नाव आणि पासवर्ड विचारला. तो दिला, ‘लक्षात ठेव’ या अर्थाच्या चौकटीत खूण केली, आणि दार उघडले. सेक्रेटरींनी अगदी देवळात करतात तसे हात जोडले.

इथे हमखास दोन ठिकाणी घसरायला होते, ती सांगून ठेवतो.

एक, संगणक चालू करताना आपण चार आकडी पिन टाकतो, तो इथे चालत नाही. पिन ही फक्त त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसासाठी असते. नेटवर्कवरून जाताना खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पिन पुनःपुन्हा टाकून ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ म्हणणारे मी तीन जण पाहिले. पहिला मीच.

दोन, संगणकाने आधीचे चुकीचे नाव किंवा पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो आणि तो न विचारता तोच पुढे करतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ आहे. तिथे विंडोजच्या नोंदींत त्या संगणकाची जुनी नोंद शोधून काढून टाकावी, मग पुन्हा जावे.

पासवर्ड खरा, तरी दार बंद

इतके सगळे करूनही आत घेत नसेल, तर आणखी एक कारण आहे. त्याचा संबंध स्वस्तात संगणक बांधून देण्याच्या पद्धतीशी आहे. दहा संगणक द्यायचे असले, की काही दुकानदार एकावर विंडोज बसवतात आणि त्याची डिस्क जशीच्या तशी उरलेल्या नवांवर उतरवतात. विंडोज प्रत्येक संगणकाला आतून एक ओळखक्रमांक देते. नीट तयारी न करता डिस्क उतरवली तर दहाही संगणकांचा क्रमांक एकच होतो. आजवर ते खपून गेले. पण २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटमध्ये विंडोज ११ हा क्रमांक तपासू लागले आणि एकाच क्रमांकाचे दोन संगणक एकमेकांना आत घेईनासे झाले. दोन जनावरांच्या कानात एकाच नंबरचा बिल्ला असावा, तशातला प्रकार.

हे ओळखायला काळ्या खिडकीत डब्ल्यू, एच, ओ, ए, एम, आय ही अक्षरे, मग मोकळी जागा, सरळ तिरपी रेघ आणि तिला जोडून यू, एस, ई, आर टाईप करावे. एस अक्षराने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक येतो. दोन्ही संगणकांवर तो काढून ताडून पाहावा. शेवटचा आकडा सोडून बाकी सारा क्रमांक सारखा असेल, तर दुखणे तेच. याला कायमचा उपाय एकच, त्यांतल्या एकावर विंडोज रीतसर नव्याने बसवणे. अर्थात नक्कल काढल्यावर. शाळांनी आणि संस्थांनी यापुढे संगणक घेतानाच दुकानदाराला विचारावे, की प्रत्येकावर विंडोज वेगळे बसवले आहे ना?

अपडेटची तिथी पाहून ठेवा

काही जण म्हणतील, एवढा त्रास आहे तर अपडेटच बंद करू. असे करू नये. औषधाने तोंड कडू झाले म्हणून कोणी फवारणी सोडून देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जे अजून त्यावर आहेत त्यांनीही पुढचा विचार करून ठेवावा.

मात्र अपडेट कधी घ्यायचे हे आपल्या हाती आहे. मायक्रोसॉफ्टची महिन्याची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून ती बुधवारपासून उतरू लागतात. आता पंचांग काढून पाहा. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या मध्ये पडतो, आणि आपले दुधाचे बिल ११ ला. म्हणजे ही दोन्ही पाहुणी जवळजवळ दर महिन्याला एकाच आठवड्यात दारात येतात. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ इथे अपडेट आठवडाभर थांबवण्याची सोय आहे. आम्ही आता आठ तारखेच्या आत एक आठवडा थांबवतो. बिले बँकेत गेली, की पंधराच्या पुढे एखाद्या निवांत दुपारी आधी नक्कल काढतो, मग अपडेट घेतो आणि लगेच एक बिल छापून पाहतो. बिघडलेच तर पुढच्या बिलाला चार-पाच दिवस हाताशी असतात.

एखादी मोठी नवी आवृत्ती घेतल्यावर अगदीच निभाव लागला नाही, तर पहिल्या दहा दिवसांत ‘रिकव्हरी’मधून मागच्या आवृत्तीवर परत जाता येते. पण ती पळवाट समजावी. चार दिवसांची उसंत मिळते, त्यात किल्ली करून घ्यावी.

पासवर्ड कागदावर लिहू नये असे शहरातले जाणकार सांगतात. त्यांचे तिथे बरोबर असेल. आमच्या संस्थेत मात्र तो विसरला जाण्याची भीती चोरीपेक्षा मोठी. म्हणून आम्ही तो एका लिफाफ्यात घालून, वर तारीख आणि सेक्रेटरींची सही करून, तिजोरीत ठेवला आहे. त्याच लिफाफ्यात दोन्ही संगणकांचे क्रमांक आणि कोणत्या दिवशी काय बदलले याची यादी आहे. उद्या सेक्रेटरी बदलले, मी नसलो, पुतणी नोकरीला लांब गेली, तरी जो कोणी असेल त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही.

गेल्या बिलाला मावशी भेटल्या. चिठ्ठी वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “गुरुजी, त्या दिशी काय झालं हुतं वो यंत्राला?”

मी म्हणालो, “मावशी, यंत्राला काही झालं नव्हतं. मीच दार उघडं टाकलं होतं.”

त्या हसल्या. “आमच्याकडं रातच्याला दोनदा उठून गोठ्याचं दार बघत्यात,” म्हणाल्या आणि कॅन उचलून निघाल्या.

तुमच्या संस्थेतल्या संगणकाचे दार आज कोणी पाहिले का? नसेल तर या आठवड्यात पाहा. आणि त्याच्याही आधी, नोंदवहीची नक्कल काढा.